मेंदूची संगणकीय प्रतिकृती आली, म्हणून शवविच्छेदन बंद करायचे का?

परळकर : 'मेंदू त्रिमितीत संगणकावर आला आहे, तेव्हा विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीच्या शवविच्छेदनाची टेबले भंगारात काढा', असे काल एका महाशयांनी छातीठोकपणे लिहिले. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे गप्प बसवत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेली 'बिगब्रेन' ही प्रतिकृती ६५ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूच्या, प्रत्येकी २० मायक्रोमीटर जाडीच्या ७,४०४ कापांवरून उभी राहिली. ती त्या एका बाईंच्या मेंदूची आहे, समस्त मानवजातीच्या नव्हे. शिवाय चिमट्याने वरचे पातळ आवरण सोलताना खाचेत शिरलेली रक्तवाहिनी कशी ताणली जाऊन तुटते, ते माऊस फिरवून बोटांना कसे कळणार?

मुलुंडकर : ते महाशय मीच. सर, माझ्या पुतणीने मेंदू पाहिला तो पुढच्या मुलीच्या खांद्यावरून, कारण एका मृतदेहाभोवती अख्खी तुकडी उभी होती. मद्रास आयआयटीने २०२४ मध्ये गर्भावस्थेतील मेंदूंच्या ५,१३२ कापांची प्रतिमामाला सर्वांना मोफत खुली केली आहे. ती तिला मुलुंडमध्ये बसून हवी तितक्या वेळा पाहता येते.

दादरकर : मृतदेह कमी का पडतात, तेही ऐका. माझ्या वडिलांनी देहदानाचा अर्ज रीतसर भरला होता. ते शनिवारी रात्री गेले. महाविद्यालयात फोन केला, तर 'सोमवारी बघू' असे उत्तर मिळाले. आम्ही त्यांना शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत नेले.

परळकर : ताई, संसर्ग असलेला किंवा शवचिकित्सा (पोस्टमॉर्टेम) झालेला देह आम्हाला नाकारावाच लागतो.

दादरकर : यांपैकी काहीही नव्हते. नियम मला शिकवू नका. फोन कोणी उचलायचा, तेवढे सांगा.

मुलुंडकर : पाहिलेत, सर? सुट्टीच्या दिवशी प्रतिकृती तरी 'सोमवारी या' म्हणत नाही.

परळकर : टोमणा पोहोचला. पण शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयवरून केलेली प्रतिकृतीही कवटी उघडून मेंदूभोवतीचा द्रव वाहून गेल्यावर फसते, कारण मेंदू जागचा सरकतो. पडद्यावरची गाठ एकीकडे आणि प्रत्यक्षातली दुसरीकडे, अशा वेळी सर्जनने कोणावर विश्वास ठेवायचा?

मुलुंडकर : म्हणून तर शस्त्रक्रिया चालू असताना अल्ट्रासाऊंड करून प्रतिकृती दुरुस्त करतात. बरे, टेबले भंगारात नकोत. आपल्या आग्रहाखातर राहू द्या.

दादरकर : टेबले राहणार असतील, तर त्यांवर येणाऱ्या देहासाठी रविवारी फोन उचलणारा एक माणूसही नेमा. आईचा अर्ज अजून माझ्या कपाटात आहे आणि तो ठेवायचा की फाडायचा, हे मला ठरवायचे आहे.