मदत हवी आहे: पेनड्राइव्ह 'रॉ' दाखवतोय, पहिला फॅट गेला, दुसरा शाबूत

मंडळी, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, फॅट३२ (यात फायलींचे तुकडे कुठे आहेत याचा तक्ता, म्हणजे फॅट, दोन प्रतींत असतो), क्लस्टर (जागेचा सर्वांत लहान गठ्ठा) १६ केबी. कॉपी चालू असताना वीज गेली, तेव्हापासून विंडोज ड्राइव्ह 'रॉ' (फाइल सिस्टीम ओळखता न आलेला) दाखवून 'फॉरमॅट करा' म्हणतंय. फॉरमॅट केलं नाही, चेकडिस्कही (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवलं नाही, कारण तो तुटलेल्या साखळ्यांचे .सीएचके तुकडे करून ड्राइव्हवरच लिहितो. आधी लिनक्सवर डीडीरेस्क्यू या साधनाने ड्राइव्हची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढली, मॅपफाइलसकट (काय वाचलं गेलं त्याची नोंद). ड्राइव्ह तापून मधेच डिसकनेक्ट होत होता, पण मॅपफाइलमुळे काम थांबलं तिथून पुढे सुरू करता आलं. आता सगळं काम इमेजच्या प्रतीवरच चाललंय.

फोटोरेक या फायली परत मिळवणाऱ्या प्रोग्रामने फायली निघतात, पण नावं जातात आणि मोठे स्कॅन वरून नीट, निम्म्याखाली करडे दिसतात. तो क्लस्टर सलग धरतो. तुकड्यांची साखळी तर फॅटमध्येच असते.

टेस्टडिस्क या दुरुस्तीच्या प्रोग्रामने ६व्या सेक्टरवरच्या प्रतीवरून बूट सेक्टर (ड्राइव्हची मांडणी सांगणारा पहिला भाग) दुरुस्त झाला, रूट डिरेक्टरीत फायलींची नावं दिसतात. न वाचलेले सेक्टर बहुतेक पहिल्या फॅटमध्येच आहेत. दुसरा फॅट (सुमारे साडेसात एमबी) पूर्ण वाचला गेलाय, सुरुवात एफ८ एफएफ एफएफ ०एफ अशी बरोबर आहे.

दुसरा फॅट हेक्स एडिटरने पहिल्याच्या जागी जसाच्या तसा उतरवावा, की टेस्टडिस्कच्या 'रिपेअर फॅट'वर सोडावं? दोन्ही फॅट जिथे वाचता येतात तिथेही काही नोंदी जुळत नाहीत. अशा वेळी कुठली खरी धरायची? हे प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा. त्यात संस्थेच्या जुन्या हस्तलिखितांचे स्कॅन आहेत, दुसरी प्रत नाही.