वाढत्या अंगाचा स्काउट गणवेश: स्कार्फ, बेरेट, पट्टा नेमक्या कोणत्या मापाचे घ्यायचे?

कोल्हापूरची_आई:
नमस्कार, माझा मुलगा यंदा पाचवीत गेला, दहा पूर्ण झाली म्हणून कबमधून (लहान मुलांच्या गटातून) आता स्काउटमध्ये आलाय आणि पुढच्या महिन्यात त्याचा दीक्षाविधी, म्हणजे वचन घ्यायचा कार्यक्रम आहे. उंची १३६ सेंमी, अंगाने बारीक, पण गेल्या वर्षभरात सहा सेंमी वाढलाय त्यामुळे मी सगळंच वाढत्या अंगाचं घेऊन आले, शर्ट दोन साईझ मोठा, बेरेट (गोल टोपी) मोठी, बूट एक नंबर मोठे. फक्त स्कार्फ दुकानदार म्हणाला लहान मुलाला लहानच लागतो म्हणून लहान घेतला. काल घरी सगळं घालून बघितलं तर सॅल्यूट करायला हात वर नेला की बेरेट सरकून डोळ्यावर येते, आणि पट्टा एवढा लांब की टोक मागेपर्यंत जातं. तो काही बोलला नाही पण आरशासमोरून लगेच बाजूला झाला आणि मला फार वाईट वाटलं. आठ दिवसांत बदलून मिळेल म्हणालेत. नेमकं काय बदलू आणि काय ठेवू? दर वर्षी सगळं नवीन घेणं आम्हाला जमणार नाही.

स्काउटमास्तर_निवृत्त:
ताई, बदलायला वेळ आहे हे बरं झालं. बेरेट आधी बदला. वाढत्या अंगाचं घ्यायचं हे कपड्याला ठीक आहे, डोक्याला लागू नाही, कारण दहा वर्षांच्या मुलाचं डोकं बरंचसं वाढून झालेलं असतं, पुढे वर्षाला फार थोडा फरक पडतो. शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या जरा वरून आणि मागे जिथे डोकं सगळ्यात बाहेर येतं तिथून गोल फिरवा, केस कापून आणल्यावर मोजा म्हणजे नीट येतं. समजा ५३ सेंमी आलं तर ५३ किंवा ५४ ची घ्या, त्याच्यावर नको. आतल्या पट्टीत मागे नाडी असते तिने थोडं आवळता येतं पण चार सेंमीचा फरक नाडीने भरून निघत नाही, तिथे नुसत्या चुण्या पडतात. आणि लोकरीची बेरेट असेल तर गरम पाण्यात अजिबात घालू नका, आटते. गार पाण्यात ओली करून पिळून मुलाच्या डोक्यावर ठेवा, बॅज डाव्या डोळ्याच्या वर आणि कापड उजवीकडे ओढून हाताने दाबून बसवा, तशीच वाळू द्या, मग ती त्याच्या डोक्याची होते.

आता स्कार्फ. इथे तुम्हाला दुकानदाराने उलटा सल्ला दिलाय. स्कार्फ मुलाच्या वयावर नसतो, भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या गणवेशात त्रिकोणाच्या दोन बाजू ७० ते ८० सेंमी असा नियम आहे, तो पाचवीच्या पोरालाही तोच आणि दहावीच्यालाही तोच. कारण तो नुसता गळ्यात मिरवायचा नाही, हात मोडला तर झोळी करायची, डोक्याला, गुडघ्याला बांधायचा. तुमचा मोजून बघा.

कोल्हापूरची_आई:
सर आत्ता मोजला, दोन बाजू ६२ आल्या. लांब बाजू ८८ च्या आसपास.

स्काउटमास्तर_निवृत्त:
मग बदलाच. ७० बाजूच्या स्कार्फची लांब बाजू साधारण ९९ येते आणि ८० च्या स्कार्फची ११३. तुमच्या मुलासाठी ७० चा घ्या. गळ्याभोवती तीसेक सेंमी गेले तरी दोन्हीकडे ३५ सेंमी उरतात, म्हणजे टोकं पट्ट्यापर्यंत येतील, फार तर जरा खाली. ८० चा घेतलात तर आत्ता टोकं पट्ट्याच्या बरीच खाली लोंबतील, तरी चालतं, चार वर्षांनी तोच शोभेल. घरी एकदा तुमच्याच हाताची झोळी त्याला करायला सांगा, मोठ्या माणसाचा कोपर आत बसला आणि मानेच्या बाजूला गाठ बसली की स्कार्फ बरोबर. ६२ मध्ये ती गाठच येणार नाही बघा. रंग मात्र पथकाला विचारून, तो पथकाचा ठरलेला असतो. हिरवा, जांभळा आणि पिवळा पथकाला घेता येत नाही, दुकानात दिसला तरी.

शिलाईवाला_सांगली:
सरांनी डोक्याचं आणि गळ्याचं सांगितलं, मी अंगाचं सांगतो, शाळांचे गणवेश शिवतो बरीच वर्षं. ताई शर्ट दोन साईझ मोठा घेतलात तिथे गडबड होते ती खांद्यावर. खांदा उतरला की स्काउटच्या शर्टाचं सगळंच बिघडतं कारण खांद्यावर पथकाच्या नावाची पट्टी लागते दोन्हीकडे, ती खांद्याच्या शिवणीला धरून लावतात, शिवण दंडावर आली की पट्टी पण दंडावर, वरची शोल्डर स्ट्रॅप पण खाली लोंबते. त्यामुळे खांदा मापात पाहिजे, फार तर बोटभर जास्त. वाढ ठेवायची ती दुसरीकडे: लांबीत आणि बगलेखाली. रेडिमेड मोठाच राहिला असेल तर शिंप्याकडून बाजूच्या शिवणी आत घ्या पण कापड कापू देऊ नका, दाब आत राहू दे, पुढच्या जूनमध्ये उसवून सोडता येतो. लांबी बघायची असेल तर शर्ट आत खोचून पट्टा लावून मुलाला दोन्ही हात वर करायला सांगा, शर्ट बाहेर आला नाही म्हणजे वर्षभर चालेल. पॅंटला खाली तीन बोटं दुमड ठेवायची. निळी पॅंट उसवल्यावर जुनी घडी दिसते पण ओल्या कापडावरून इस्त्री दोनतीनदा फिरवली की बरीच जाते.

पट्ट्याचं टोक कापून देतो म्हणतील, अजिबात कापू नका. मुलं आधी उंच होतात, कंबर हळू वाढते, तो पट्टा सहज चारपाच वर्षं जातो. बकल सरकवून आवळा आणि उरलेलं टोक आतल्या बाजूने लूपमधून घ्या.

जुना_रोव्हर:
बुटाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. काकू बूट एक नंबर मोठे असतील तर हाईकच्या दिवशी त्याचे हाल होतील, मी सहावीत असताना पुढे कापूस भरून गेलो होतो, गडावर चढताना काही वाटलं नाही पण उतरताना पाय पुढे सरकत राहिला आणि खाली येईपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, पुढचे दोन दिवस कॅम्पमध्ये बसून काढले. काळे बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि जे मोजे गणवेशात घालणार तेच घालून घ्या. मुलगा उभा असताना पायाच्या अंगठ्यापुढे हाताचा एक अंगठा आडवा मावेल एवढी जागा, टाच मात्र उचलली जायला नको. बूट हीच एक गोष्ट जी खरंच दर वर्षी बघावी लागते, तिथे पैसे ठेवा. वॉगलचं (स्कार्फ गळ्यापाशी अडकवायच्या कडीचं) टेन्शन घेऊ नका, स्कार्फ आत नीट घट्ट बसतो एवढंच बघा, आमच्या पथकात आम्ही दोरीचा स्वतः विणायचो. फक्त चामड्याचा गिलवेल वॉगल मुलाला घेऊ नका, तो ट्रेनिंग झालेल्या मास्तरांचा असतो.

कोल्हापूरची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन बेरेट ५३ ची आणली, स्कार्फ ७० चा, बूट बदलून दिले. शर्ट ठेवलाय, शिंप्याकडे टाकते. एकच राहिलं, बॅज आत्ताच मशीनवर लावून टाकू का? पुढच्या वर्षी शर्ट बदलला तर काढावे लागतील.

शिलाईवाला_सांगली:
मशीन नको ताई. रंगाचा दोरा जुळवून हातशिलाई करा, बारीक टाके, कडेकडेने. आधी दोन टाचण्या लावून मुलाला घालून बघा, टेबलावर सरळ दिसणारा बॅज अंगावर तिरका जातो. काढताना ब्लेडने खरवडू नका, मागून एकेक टाका कापा.

स्काउटमास्तर_निवृत्त:
आणि सदस्यत्वाचा हिरवा बॅज आत्ता शिवू नका. तो डाव्या खिशाच्या मधोमध येतो, पण दीक्षा झाल्यावर. त्या दिवशी वचन म्हटल्यावर मास्तर तो देतात, तोवर खिसा मोकळाच असू दे. घरी येऊन त्यालाच सुईदोरा द्या, शिवणकाम त्याच्याही शिकण्यात येतंच, तुम्ही फक्त जागा दाखवा.

कोल्हापूरची_आई:
हो सर, सुईत दोरा ओवायची प्रॅक्टिस आत्तापासूनच सुरू झालीये. आणि झोळी पण करून झाली, माझ्या डाव्या हाताची, गाठ मानेच्या बाजूला बसली नीट. आता हात सोडत नाहीये, म्हणतोय रीफ नॉट (झोळीची ती गाठ) अजून एकदा बघू दे.