खनिज, खडक, गार, गारगोटी : अर्थ आणि वापर

विचारणा (पारोळा तालुक्यातून)

भावाच्या विहिरीचं खोदकाम चालू आहे. काळा पाषाण फोडल्यावर खाली मांजऱ्या (पांढऱ्या ठिपक्यांचा, पोकळ्यांचा खडक) लागला आणि वर आलेल्या दगडांत पांढरे, फिकट गुलाबी, चमकदार खडे निघाले. खोदणारे त्यांना गार म्हणतात, गावात गारगोटी म्हणतात. आजी विचारते, "हाऊ दगड कसाना शे?" (हा दगड कशाचा आहे?) तिला काय सांगू? शिवाय वाळू-मुरमाच्या पावतीवर 'गौण खनिज' छापलेलं असतं. म्हणजे मुरूमही खनिज आणि गारगोटीही खनिज? 'गौण' म्हणजे हलक्या प्रतीचं का?

उत्तर

पावतीवरचा शब्द आधी घेऊ. 'गौण खनिज' ही कायद्याची संज्ञा आहे. खाणी आणि खनिजांसंबंधीच्या १९५७ च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाचा दगड, साधी वाळू, साधी माती वगैरेंना गौण ठरवलं आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. तेव्हा गौण म्हणजे हलकं नव्हे, ती कारभाराची वाटणी आहे. गुरांच्या खुराकातलं 'खनिज मिश्रण' आणखी वेगळं. तिथे कॅल्शियम, फॉस्फरस अशी पोषणद्रव्यं अभिप्रेत असतात.

भूशास्त्रात मात्र हा शब्द काटेकोर आहे. निसर्गात आपोआप तयार झालेला, घन, ठरावीक रासायनिक घडणीचा आणि ज्याचे अणू आतून ठरलेल्या रचनेत बसलेले आहेत, असा पदार्थ म्हणजे खनिज. सैंधव मीठ हे खनिज. खडीसाखरेचेही स्फटिक असतात, पण ती उसाच्या रसापासून माणसाने केलेली, म्हणून ती खनिज नाही. खनिज तेल द्रव आहे, त्यामुळे नावात खनिज असूनही ते या व्याख्येत बसत नाही.

खडक म्हणजे बहुधा अनेक खनिजांचा एकजीव झालेला समूह. तुमचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा खडक. त्यात फेल्डस्पार, पायरॉक्सीन आणि थोडं मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) अशी खनिजं असतात, पण कण इतके बारीक की डोळ्यांना नुसता काळा रंग दिसतो. गिरणा किंवा पांझरेच्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा. काळी पूड त्याला केसांसारखी चिकटते. ते मॅग्नेटाइट, खडक झिजून सुटं झालेलं. मुरूमही झिजलेला बेसाल्टच, म्हणून भूशास्त्राच्या भाषेत तो खनिज नव्हे.

आता मांजऱ्या. पाठ्यपुस्तकात याला 'कुहरी बेसाल्ट' म्हणतात. मला विहीर खोदणाऱ्यांचा शब्द जास्त पसंत आहे आणि तो लेखनात यायलाच हवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थर थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यातून गरम पाणी झिरपलं. त्याने खडकातलं सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग), कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून घेतलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर थराथराने सोडलं. पोकळी गच्च भरली की दगडात नुसता पांढरा ठिपका दिसतो. मध्ये जागा उरली तरच स्फटिकाला आपला खरा आकार घेता येतो. जळगाव जिल्ह्यातले हिरवट अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट या खनिजांचे स्फटिक जगभरचे संग्राहक ओळखतात, ते अशाच पोकळ्यांतले.

राहिली गारगोटी. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झ, निव्वळ सिलिका. चकमकीत ती पोलादावर घासली की पोलादाचा बारीक कीस निघून पेटतो. ठिणगी लोखंडाची असते, दगडाची नाही. इतका कठीणपणा असेल तरच गार किंवा गारगोटी म्हणावं. दिसेल त्या पांढऱ्या खड्याला हे नाव देणं मला पटत नाही, कारण त्याने तीन-चार वेगळी खनिजं एका नावाखाली गडप होतात.

वेगळी करायला घरातली सुरी पुरते. फ्रिडरिख मोस याने १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. शंखजिरं १ वर, हिरा १० वर. नख साधारण अडीच, सुरी साडेपाच, गारगोटी ७. म्हणजे गारगोटी काचेवर ओरखडा काढते, सुरीला दाद देत नाही. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, ३ वर, सुरीने सहज ओरखडतं, फुटलं की तिरकस चौकोनी तुकडे पडतात आणि त्याच्या पुडीवर लिंबू पिळलं की फसफसतं. रंगावर भरवसा ठेवू नका, कणभर अशुद्धतेनेही तो बदलतो. त्यापेक्षा बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर घासून उमटलेली रेघ खरी. गडद खनिजांना ही कसोटी फार उपयोगी: हेमॅटाइट हे लोहखनिज वरून करडं-काळं दिसलं तरी रेघ गेरूसारखी लाल उमटते.

विचारणा (यावलहून)

आमच्याकडे तापीच्या गाळात विहिरीला दगड लागतच नाही, पण मातीत पांढरट खडबडीत गोळे निघतात. ती गार का?

उत्तर

नाही, तो कंकर. जमिनीतलं पाणी उडून जाताना त्यातला चुना मागे राहतो आणि गोळे धरतो. त्यात मुख्यतः कॅल्साइट, सोबत माती. लिंबाच्या रसाने लगेच कळेल.

पहिल्या विचारणेकडून

गुलाबी खड्याची पूड करून लिंबू पिळलं, काही झालं नाही. सुरीचा ओरखडा पडला. आकार मध्ये बांधलेल्या पेंढीसारखा आहे, टोकं फुललेली, आणि एका बाजूने मोत्यासारखी चकाकी.

उत्तर

मग तो स्टिल्बाइट म्हणायला हरकत नाही. पेंढीचा आकार ही त्याची ठळक खूण. तो झिओलाइट गटातला. या खनिजांच्या रचनेत पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते सुटतं. क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा दगड तापवला, तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीकमधून हे नाव घडवलं: उकळणारा दगड. आजींना सांगा, ही गार नाही, मांजऱ्याच्या पोकळीत पाण्याने घडवलेला झिओलाइट आहे. आणि खडा ठेवताना सोबत चिठ्ठी ठेवा: गाव, विहिरीची खोली, कोणत्या थरात मिळाला. पत्ता हरवला की नमुन्याची अर्धी माहिती गेली.