तिथे कोणी गेलेलं नाही, मग ताऱ्यांचं अंतर, तापमान, वस्तुमान कळतं कसं?

आभाळवेडा:
नमस्कार मंडळी, सध्या खगोलशास्त्राचं बेसिक वाचायला घेतलंय आणि एकाच गोष्टीपाशी सारखा अडकतोय. प्रत्येक पानावर आकडे असतात, व्याध ८.६ प्रकाशवर्षं लांब, वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, तापमान अमुक, त्यात हायड्रोजन इतका वगैरे वगैरे, पण हे कळलं कसं ते कोणी धड सांगतच नाही. १९७७ ला निघालेलं व्हॉयेजर १ हे यान अजून जेमतेम एका प्रकाशदिवसाच्या आसपास आहे आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं लांब. म्हणजे तिथून कोणी काही आणलेलं नाही आणि आणणंही शक्य नाही. मग एवढ्या खात्रीने आकडे देतात ते कशाच्या जोरावर? गणित थोडं आलं तरी चालेल, पण कृपया "शास्त्रज्ञांनी शोधलं" एवढंच सांगू नका.

कोनमापक:
अंतरापासून सुरुवात करतो कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हात लांब करून अंगठा समोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा मिटा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसेल. दोन डोळ्यांमधलं अंतर माहीत असेल आणि अंगठा किती अंशांनी सरकला ते मोजलं तर अंगठा किती लांब आहे ते त्रिकोणमितीने निघतं. ताऱ्यासाठी दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घ्यायची, जानेवारीत एक फोटो आणि जुलैत दुसरा, मधे सुमारे ३० कोटी किमी अंतर पडतं. जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकतो, त्याला पराशय म्हणतात.

किंचित म्हणजे खरंच किंचित. १८३८ मधे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ६१ सिग्नी या ताऱ्याचा पराशय मोजला तो साधारण एक तृतीयांश विकला होता, आणि एका अंशात ३६०० विकला असतात! तोवर दोनशेहून जास्त वर्षं लोक हे मोजायचा प्रयत्न करत होते. पराशय सापडत नाही म्हणून पृथ्वी फिरतच नाही असाही युक्तिवाद व्हायचा, खरं कारण एवढंच होतं की तारे कल्पनेपेक्षा फार लांब होते. आता २०१३ ला सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटीहून जास्त ताऱ्यांचे पराशय मोजलेत.

आणि ते ३० कोटी किमी कुठून आले असं विचाराल तर तेही मोजलेलंच आहे. १९६१ मधे शुक्रावर रडारच्या लहरी सोडून त्या परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, त्यावरून पृथ्वी ते सूर्य अंतर पक्कं झालं.

वर्णपट_प्रेमी:
वरचं उत्तर छान आहे, मी तापमान आणि पदार्थ घेतो. ताऱ्याकडून आपल्याला मिळतो तो फक्त प्रकाश, पण त्यात माहिती ठासून भरलेली असते. आधी नुसता रंग बघा. मृग नक्षत्रातला काक्षी तांबूस दिसतो, त्याचा पृष्ठभाग साधारण ३५०० केल्विन (केल्विन हे तापमानाचं एकक), आणि त्याच नक्षत्रातला राजन्य निळसर पांढरा, तो १२००० केल्विनच्या आसपास. तापलेली वस्तू जितकी जास्त गरम तितका तिच्या प्रकाशाचा भर निळ्याकडे सरकतो, हा नियम प्रयोगशाळेत तपासलेला आहे.

आता तोच प्रकाश प्रिझममधून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, बारीक काळ्या रेषा दिसतात. फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्यप्रकाशात अशा शेकडो रेषांची नोंद केली, पण त्या कशाच्या हे तेव्हा माहीत नव्हतं. ते उलगडलं १८५९-६० ला, किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य ठराविक रंगांचाच प्रकाश सोडतं आणि तेच रंग शोषतं. सोडियमच्या रेषा सोडियमच्याच, लोखंडाच्या लोखंडाच्याच. म्हणून तारा कितीही लांब असो, त्याच्या वातावरणात काय आहे ते इथे बसून वाचता येतं.

आभाळवेडा:
दोघांचे मनापासून आभार, पराशयाचं तर एकदम क्लिअर झालं. पण वर्णपटाबद्दल एक शंका आहे, इथल्या लॅबमधल्या सोडियमची रेषा आणि तिथल्या ताऱ्यातली रेषा एकाच जागी आली म्हणून ते सोडियमच कशावरून? तिथे नियमच वेगळे असतील तर?

वर्णपट_प्रेमी:
अगदी योग्य शंका, ही विचारलीच पाहिजे. दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे एकच रेषा जुळली म्हणून कोणी निष्कर्ष काढत नाही, लोखंडाच्या हजारो रेषा आहेत आणि त्यांचा अख्खा पॅटर्न, आपसातल्या अंतरांसकट, जुळतो. योगायोगाने एवढं जुळणं शक्य नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. १८६८ मधे सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली जी पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या पदार्थाशी जुळेना. लॉकयरने म्हटलं हे नवीन मूलद्रव्य आहे, नाव पडलं हेलियम. बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. १८९५ ला रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. म्हणजे पदार्थ आधी सूर्यावर सापडला आणि २७ वर्षांनी पृथ्वीवर हातात आला! नियम दोन्हीकडे सारखे आहेत याला यापेक्षा चांगला पुरावा काय हवा.

फक्त रेषा दिसल्या की लगेच प्रमाण कळतं असं मात्र नाही. रेषा किती ठळक ते तापमानावरही अवलंबून असतं, आणि ते गणित मेघनाद साहांनी १९२० मधे मांडलं. ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेत. तेव्हा मोठमोठे लोक मानत होते की सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखीच आहे, त्यामुळे हा निकाल खरा नसावा असं त्यांना प्रबंधातच लिहावं लागलं. चार वर्षांनी हेन्री नॉरिस रसेल, ज्यांनी आक्षेप घेतला होता, तेच वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर आले.

दीर्घिका_२५:
पराशयाची मर्यादा सांगायची राहिली. फार लांब गेलं की कोन इतका बारीक होतो की मोजता येत नाही, दुसऱ्या दीर्घिकांसाठी (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) तर तो जवळपास निरुपयोगीच. तिथे हेन्रिएटा लेव्हिट यांचं काम उपयोगी पडतं. १९१२ मधे त्यांनी छोटा मॅजेलन मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेतले २५ सेफीड तारे घेतले, हे तारे ठराविक काळाने कमी जास्त तेजस्वी होतात, आणि त्यांना दिसलं की ज्याचा काळ मोठा तो तारा जास्त तेजस्वी. हे सगळे तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असल्यामुळे हा फरक खऱ्या तेजाचाच. मग काय, काळ मोजला की खरं तेज कळलं, आकाशात किती तेज दिसतं ते मोजलं, आणि अंतर दुप्पट झालं की तेज पाव होतं या नियमाने अंतर निघालं.

हबलने १९२३ ला देवयानी दीर्घिकेत असाच एक सेफीड पकडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध झालं. हबलने काढलेलं तिचं अंतर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं, आज आपण २५ लाख म्हणतो. कारण सेफीड दोन प्रकारचे असतात हे १९५२ पर्यंत, बाडेने दाखवेपर्यंत, कळलं नव्हतं. आकडा बदलला पण ती बाहेर आहे हा निष्कर्ष हलला नाही, आणि हा फरक समजून घेणं मला वाचकासाठी फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच्याही पुढे एका विशिष्ट प्रकारचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होणारे तारे, वापरतात. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर तपासून घेतलेली असते. आजही सगळं मिटलेलं नाहीये, विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय याचा आकडा सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून ७३ च्या आसपास येतो आणि विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या सूक्ष्मलहरींवरून ६७ च्या आसपास (दर मेगापार्सेकला, म्हणजे साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किमी). मोजमाप दोन्हीकडे काटेकोर आहे, तरी फरक जात नाही, त्यावर जोरात काम चालू आहे.

कोनमापक:
वस्तुमान राहिलं की. ते कळतं एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीवरून. तुम्ही व्याधाचं विचारलं होतं ना, १८४४ मधे बेसेलच्याच लक्षात आलं की व्याध आकाशात सरळ न जाता नागमोडी जातोय, म्हणजे कोणीतरी त्याला ओढतंय. तो न दिसणारा जोडीदार १८६२ मधे दुर्बिणीतून दिसला. दोघांना एक फेरा मारायला ५० वर्षं लागतात, व्याध आपल्यापासून किती लांब ते पराशयावरून माहीत, त्यावरून दोघांमधलं खरं अंतर निघतं, आणि ते अंतर व फेऱ्याचा काळ यांवरून वस्तुमान काढायला केप्लर आणि न्यूटनचे नियम. म्हणून वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, हे असं आलं.

आभाळवेडा:
भारी! म्हणजे पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यामागे एक मोजमाप आहे फक्त ते छापत नाहीत. आता यातलं काहीतरी स्वतः करून बघावंसं वाटतंय, दुर्बीण नाहीये माझ्याकडे, जमेल का काही?

दीर्घिका_२५:
जमेल, आणि दुर्बिणीशिवायच. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी शोधा, स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात लगेच सापडेल. सगळ्या सेफीड ताऱ्यांना नाव मिळालं ते याच्यावरूनच, गुडरिकने १७८४ मधे त्याचा बदल नोंदवला तोही नुसत्या डोळ्यांनी. त्याच्या जवळच झीटा आणि एप्सिलॉन असे दोन तारे आहेत, एक जरा तेजस्वी आणि एक जरा मंद, तिघांचा छोटा त्रिकोण होतो. रोज रात्री फक्त एवढंच लिहायचं की आज डेल्टा झीटाच्या जवळ जातोय की एप्सिलॉनच्या. अंधारी जागा हवी आणि सलग काही आठवडे नोंदी हव्यात, मधे ढग आले तर ती रात्र कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. मग आलेख काढा, काळ ५.३७ दिवसांच्या आसपास यायला हवा. नोंदी झाल्या की इथेच टाका, आलेख आपण मिळून बघू.