कमरेखालचे सांधे, तोल आणि पट्टा : आपले अनुभव लिहावेत

कंबर दुखते असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मणकाच येतो. माझे दुखणे मात्र त्याच्या पायथ्याशी, डावीकडच्या खळीखाली होते. कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड खुब्याच्या रुंद हाडांना जिथे भिडते तो एसआय जॉइंट. निरोगी माणसात तो जेमतेम दोन-चार मिलिमीटर हलतो, पण तो बिघडल्यावर पायरी चढताना पाय खालून निसटल्यासारखा वाटू लागला. मी दुकानातून रुंद कंबरपट्टा आणून तीन आठवडे बेंबीच्या उंचीवर आवळला आणि उपयोग शून्य झाला. पुढे फिजिओथेरपिस्टबाईंनी मला उताणे निजवून पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायला सांगितला. तो दगडासारखा जड झाला होता. मग त्यांनी दोन्ही बाजूंनी खुब्याची हाडे तळव्यांनी दाबून धरली आणि तोच पाय सहज वर आला. पट्ट्याने नेमके काय करायचे असते, हे मला तिथे कळले. आता अरुंद पट्टा पुढच्या टोकदार हाडांच्या खाली आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या वर, म्हणजे पुष्कळच खाली, बांधते. आपण तो कुठे व किती वेळ बांधलात, आणि सोडून दिला असल्यास का, हे जरूर लिहावे.

माझा अनुभव गरोदरपणातला आहे. सातव्या महिन्यात रात्री कूस बदलताना जांघेच्या मधोमध, पुढच्या सांध्यात, कापल्यासारखी कळ येई. तिथले अंतर एरवी चार-पाच मिलिमीटर असते आणि गरोदरपणात ते थोडे वाढणे स्वाभाविक आहे, असे डॉक्टरांनी समजावल्यावर निम्मी भीती गेली. "सगळ्याच बायकांना होते" असे म्हणून गप्प बसवणाऱ्यांचा राग मात्र अजून गेलेला नाही. पट्ट्याने चालणे सुसह्य झाले, तरी खरा आराम लहानसहान बदलांनी मिळाला : सलवार बसून घालणे, गुडघे जुळवलेले ठेवूनच कुशीवर वळणे, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेणे आणि जिना एकेक पायरी चढणे. झोपताना मी पट्टा काढून ठेवत असे.

मी पट्टा सोडला, आणि चूक माझीच होती. जितका घट्ट तितका गुणकारी, असे समजून दिवसभर आवळून ठेवल्याने कातडीवर वळ उठले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या. पट्ट्याखाली सपाट हात सरकला पाहिजे, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

पट्टा हे प्रत्येक दुखण्याचे उत्तर नाही, म्हणून लिहितो. मला पंचविशीत कुल्ह्यात आलटून-पालटून दुखे, पहाटे जाग येई आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिके. विशेष म्हणजे विश्रांतीने दुखणे वाढे आणि हालचालीने कमी होई. दोन वर्षे पट्टे बदलण्यात गेली. अखेर एमआरआयमध्ये सांध्याला सूज दिसली आणि संधिवाततज्ज्ञांनी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे, म्हणजे कणा आणि त्याच्या तळाचे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचे, निदान केले. तिथे औषध आणि नियमित व्यायामच हवा होता. दुखणे असे असेल तर तपासणी लांबवू नये. जांघेभोवती बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

शीर्षकात तोलाचा उल्लेख आला आहे, त्यावर माझी भर. एका पायावर उभे राहिले की माझा कुल्हा दुसऱ्या बाजूला खाली कलंडे. कारण कुल्ह्याच्या बाजूचा, धड सावरणारा स्नायू दुखण्यामुळे आळसावला होता. पट्टा बांधून चाल सुधारली, पण काढला की मूळपदावर. म्हणून कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, पाठीवर निजून कुल्हे उचलणे आणि ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभे राहणे हा क्रम चार महिने चालू ठेवला आणि त्याच काळात पट्ट्याचे तास कमी करत आणले. आता तो केवळ लांबच्या चालण्यापुरता उरला आहे. उजव्या पायावर अर्धा मिनिट उभा राहतो. डावा अजून बारा सेकंदांतच थरथरू लागतो.