एबीएसचा पिवळा दिवा विझतच नाही

प्रश्न: गाडी सोळा चाकी, उरण ते कळंबोली कंटेनर मारतो. परवा जासईजवळच्या खड्ड्यांतून निघालो आणि एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तो लागलाच. ब्रेकच्या हवेचं प्रेशर बरोबर आहे, ब्रेकही लागतात. एका वायरमनने बल्बच काढून टाकायला सांगितलं. मन मानत नाही. मालक म्हणतो फेऱ्या थांबवू नकोस. काय करू?

उत्तर १: बल्ब काढू नका, भाऊ! दिवा लागला म्हणजे एबीएस बंद. साधा ब्रेक चालतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक जाम होऊन गाडी घसरेल. मागे ट्रेलर असेल तर तो आडवा येतो. दुरुस्त होईपर्यंत अंतर ठेवून चालवा, पावसात तर जास्तच.

उत्तर २: कळंबोलीत बावीस वर्षं हेच काम करतोय. खड्ड्यानंतर लागला म्हणजे बहुधा चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मागे सरकलाय. चाक जॅकवर घ्या, सेन्सर हाताने, चाकाबरोबर फिरणाऱ्या दातांच्या रिंगला टेकेपर्यंत आत ढकला. हातोडी नको. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन सेकंदांत एक फेरी या वेगाने चाक फिरवा, किमान ०.२ व्होल्ट दिसायला हवा. पुन्हा मागे सरकला तर हबची बेअरिंग ढिली आहे, ती आधी बघा. रिंगच्या दातांत चिखल आणि ब्रेक लायनरची भुकटी बसते, ब्रशने साफ करा. काही गाड्यांत दिवा लगेच जात नाही, थोडं चालवल्यावरच विझतो.

प्रश्नकर्ता: दोष मागच्या डाव्या चाकात निघाला. सेन्सर बोटभर बाहेर आला होता. दिवा विझला, दादा. बेअरिंग उद्याच उघडतो.