सर्पदंशाची नवी पद्धत: आधी एका ड्युटीत करून पाहायची की तालुकाभर एकदम? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

कातळसडा
लावणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पीएचसींत (प्राथमिक आरोग्य केंद्रांत) फुरशाचे, घोणसाचे दंश येऊ लागतात. त्याआधी परिपत्रक येतं: रुग्ण आल्यापासून एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू होईपर्यंतचा वेळ कमी करा. कसा, ते त्यात नसतं.

माझं मत असं की कुठलीही नवी पद्धत तालुकाभर एकाच दिवशी लावू नये. एक केंद्र, एक ड्युटी, एक बदल. काय अडलं ते बघा, दुरुस्त करा, मग पुढे न्या. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगचं हे चक्र कारखान्यातून आलं म्हणून दवाखान्याला परकं नाही.

रक्त गोठण्याची चाचणीच घ्या. शिरेतलं २ मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करून बघायची; रक्त गोठलं नसेल तर एएसव्ही. ऐकायला सोपं. पण नळी फ्रीजवर ठेवली तर फ्रीज थरथरतो. नातेवाईक "झालं का?" विचारतात म्हणून कोणीतरी दहाव्या मिनिटालाच ती तिरपी करतं. रक्त कधी घेतलं ते कुठे लिहिलेलंच नसतं. यातलं आपल्या केंद्रात काय होतं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

भरतीची वेळ
साफ अमान्य. चाचणी ठरलेली आहे, डोस ठरलेला आहे: सुरुवातीला साधारण १० व्हायल, सलाईनमधून तासाभरात, लहान मुलालाही तेवढाच, कारण साप वय बघून विष सोडत नाही. मग यात करून पाहायचं काय? एका केंद्रात काचेच्या नळ्या आणि शेजारच्या केंद्रात पुढच्या महिन्यापर्यंत प्लास्टिकच्याच? प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत निरोगी माणसाचं रक्तही २० मिनिटांत गोठेलच असं नाही. मग गरज नसताना एएसव्ही लागतं. १० व्हायल फुकट जातात, वर रिअ‍ॅक्शनचा धोका.

आणि आकडे कुठून आणणार? प्रत्येक रुग्णाला लागलेल्या वेळेच्या आलेखात सुधारणा खरी मानायला मध्यकाच्या एकाच बाजूला सलग ६ बिंदू लागतात. एका पीएचसीत विषारी दंश असे येतात किती? तोवर दसरा उजाडेल. बॉन्डवरचा (ठरावीक मुदतीच्या सक्तीच्या सेवेतला) डॉक्टर तर शिकलेलं सगळं घेऊन निघून जाईल.

कातळसडा
नळ्यांचं एकदम मान्य. उद्याच इंडेंट (मागणीपत्र) भरा, प्लास्टिकच्या हलवा. डोसालाही कोणी हात लावत नाही. मी बोलतोय ते मांडणीबद्दल.

पावडरच्या व्हायलमध्ये १० मिली पाणी घातलं आणि घाईत हलवली की फेस येतो. फेसाळलेलं औषध सिरिंजमध्ये ओढता येत नाही. तळव्यात धरून हळूहळू गोल फिरवावी लागते, तेव्हा विरघळते. अशा १० व्हायल, आणि नाइटला एकटी सिस्टर. कुठलं परिपत्रक हे मोजतं?

म्हणून पहिला बदल: नळी उभी केली की त्या २० मिनिटांत १० व्हायल, इंजेक्शनचं पाणी, सिरिंजा, सलाईन, अ‍ॅड्रेनलिन सगळं एका ट्रेमध्ये काढून ठेवायचं. फोडायचं काहीच नाही. दुसरा: विरघळवायला दोघं. याला रुग्ण कशाला हवा? मुदत संपलेल्या व्हायल रजिस्टरवर नोंद करून बाजूला काढा आणि मे महिन्यात घड्याळ लावून तालीम घ्या.

प्लेन बल्ब
त्या मुदत संपलेल्या व्हायलवर मार्करने ठळक फुली मारा आणि तालीम संपली की खोलीबाहेर काढा. नाहीतर ट्रेमध्ये मिसळल्याच म्हणून समजा.

दोघांनाही एक सांगायचंय. फक्त वेळ मोजलात तर आकडा सुंदर दिसावा म्हणून लोक २० मिनिटं थांबणंच सोडतील. म्हणून सोबत दोन गोष्टी मोजा: किती जणांना गरज नसताना एएसव्ही लागलं, आणि किती जणांना रिअ‍ॅक्शन आली. महिन्याची टक्केवारी काढू नका, प्रत्येक रुग्ण म्हणजे एक बिंदू.

नोंदवहीतल्या वेळा ९:००, ९:२०, ९:३० अशा गुळगुळीत असतील तर त्या नंतर बसून लिहिल्यात हे उघड आहे. वेळ चिकटपट्टीवर लिहून नळीलाच चिकटवा. एएसव्हीनंतरची चाचणी ६ तासांनी होते, कारण यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो. ती नेमकी पुढच्या ड्युटीत येते आणि हँडओव्हरमध्ये गळते. ट्रेपेक्षा मोठं भोक तिथे आहे.

हो, आणि नाग-मण्यारीला ही नळी काही सांगत नाही, त्यांचं विष मज्जातंतूंवर जातं. रक्त छान गोठतं आणि पापण्या मिटत चाललेल्या असतात.

भरतीची वेळ
तालीम मान्य. पण ती दुपारी, लाइट असताना, पाच जण उभे असताना घेऊ नका. सगळे बदल दिवसाच्या ड्युटीत पास होतात आणि नाइटला आपटतात. सुरुवातच रात्री, मेन स्विच बंद करून करा. आणि तुमचं ते "दोघं" म्हणजे कोण? अटेंडंटने औषध भरायचं नाही.

कातळसडा
बरोबर, मग "दोघं" रात्रीसाठी बाद. अटेंडंटकडे टॉर्च, घड्याळ आणि १०८ चा फोन. सिस्टरचे हात फक्त व्हायलवर. हे एकदा आणि नुसत्या ट्रेने एकदा, दोन्ही वेळा लिहा.

भरतीची वेळ
चालेल, पण एकेक केंद्र करत बसू नका. सगळ्या पीएचसींनी एकाच आठवड्यात घ्यावी. पाऊस तुमच्या चक्रासाठी थांबणार नाही.

कातळसडा
घ्या एकाच आठवड्यात. फक्त प्रत्येकाची ट्रे वेगळी निघेल: कुठे फ्रीज दुसऱ्या खोलीत, कुठे पाण्याच्या अँप्युल कुलपात. पहिल्याच आठवड्यात ती एकसारखी करायचा हट्ट धरू नका.